फिक्सी शिकताना: पहिले पंधरा दिवस

साध्या सायकलीवर आपण चार पायडल मारतो, वेग आला की पाय थांबवतो आणि सायकल आपली पळत राहते. मागच्या चाकातलं फ्रीव्हील हे काम करतं. पाय थांबले की जी टिकटिक ऐकू येते ती त्याचीच. फिक्स्ड गिअर सायकलीला, म्हणजे फिक्सीला, फ्रीव्हील नसतं. मागची दातेरी चकती, तिला कॉग म्हणतात, थेट हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आवळलेली असते. चाक फिरतं तोवर पायडल फिरतात. उतारावर फिरतात, वळणावर फिरतात, गतिरोधकावरही फिरतात. पायाने मागे रेटा दिला तर चाक मंदावतं.

तेव्हा शिकायची गोष्ट एकच: पाय थांबवायची सवय मोडणं. तोल सांभाळणं, हॅण्डल धरणं हे तुम्हाला येतंच. ज्याने वर्षानुवर्षं सायकल चालवली आहे त्याच्या पायात ही सवय खोल रुतलेली असते, म्हणून मुरलेल्या माणसाला पहिले दोन दिवस जास्त जड जातात. तसं झालं तर हिरमुसून जाऊ नका.

आधी सायकल नीट बघा

मागचं चाक उचला आणि हाताने पुढच्या दिशेने फिरवा. पायडल सोबत फिरले तर ती फिक्सी. पायडल जागेवर राहिले तर ती सिंगल-स्पीड, म्हणजे एकाच गिअरची पण फ्रीव्हील असलेली. दुकानात दोन्हींना ‘फिक्सी’च म्हणतात, म्हणून स्वतः फिरवून बघा. काही हबना दोन्ही बाजूंना आटे असतात, एका बाजूला कॉग आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील. याला फ्लिप-फ्लॉप हब म्हणतात. चाक काढून उलटं बसवलं की फिक्सीची साधी सायकल होते. शिकणाऱ्याने शक्यतो असाच हब घ्यावा. मात्र पहिल्या पंधरवड्यात आज फिक्स, उद्या फ्री असं करू नका. मोडत आलेली सवय एका दिवसात परत येते.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. कॉग नेहमीच्या सरळ आट्यांवर बसतो, त्यामुळे पुढे पायडल मारताना तो आणखी घट्ट होत जातो. पण वेग कमी करायला तुम्ही मागे रेटा देता तेव्हा तोच जोर त्याला सोडवायला बघतो. म्हणून कॉगच्या बाहेरून एक लॉकरिंग असते आणि तिचे आटे उलटे असतात. कॉग सुटू लागला की लॉकरिंग त्याच दिशेने आवळली जाते आणि त्याला अडवते. हबवर दोन पायऱ्या दिसल्या पाहिजेत: आतली मोठी कॉगची, बाहेरची किंचित लहान लॉकरिंगची.

हे मुद्दाम सविस्तर सांगतो आहोत, कारण तालुक्याच्या गावात फिक्सी सहज मिळत नाही आणि मग कोणीतरी सुचवतं, जुन्या काळ्या सायकलीचं फ्रीव्हील वेल्ड करून घे, झाली फिक्सी. हे करू नका. वेल्ड कितीही पक्कं असलं तरी त्या हबवर उलट्या आट्यांची लॉकरिंग बसायला जागाच नसते. दहा वेळा काही होणार नाही. अकराव्या वेळी समोर बैलगाडी आडवी येईल, तुम्ही जीव खाऊन मागे रेटा द्याल आणि वेल्ड केलेलं फ्रीव्हील आट्यांवरून सुटत जाईल. पाय रिकामे फिरतील आणि चाक तसंच पळत राहील. कॉगला लॉकरिंगऐवजी दुसरी कुठली तरी सरळ आट्यांची रिंग लावून देण्याचा प्रकारही तितकाच धोक्याचा.

कॉग बसवताना आट्यांना थोडं ग्रीस लावा. आधी हाताने फिरवा, मग चेन व्हिपने, म्हणजे चेनचा तुकडा जोडलेल्या दांड्याने, नीट आवळा आणि शेवटी आकडीच्या पान्याने लॉकरिंग घट्ट करा. लॉकरिंग उलटी फिरते हे मेकॅनिकला आधीच सांगा. सरळ समजून जोर लावला की हबचे आटे जातात आणि हब बाद होतो. नवा कॉग पहिल्या ३०-४० किलोमीटरमध्ये थोडा आणखी आत बसतो. तेवढं अंतर झालं की लॉकरिंग पुन्हा एकदा आवळायचीच.

ब्रेक

पुढचा ब्रेक हवाच. यात आमच्या बाजूने सूट नाही. ब्रेक नसलेल्या फिक्सी वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतीच्या बंदिस्त गोल धावपट्टीवर, चालतात, कारण तिथे सगळे एकाच दिशेने जातात आणि आडवं कोणी येत नाही. आपल्या रस्त्यावर म्हैस येते, रिक्षा येते, चुकीच्या बाजूने ट्रॅक्टर येतो. ब्रेक मारला की वजन पुढे सरकतं आणि मागचं चाक हलकं होतं. त्यामुळे नुसत्या पायांच्या रेट्याने सायकल थांबायला पुढच्या ब्रेकपेक्षा कितीतरी जास्त अंतर लागतं. मागचाही ब्रेक असेल तर काढू नका. दोन-चार महिन्यांनी ठरवा.

दात्यांचा हिशोब

बऱ्याच तयार फिक्सी पुढे ४६ आणि मागे १६ दात्यांवर येतात. शिकायला हे जड पडतं. गुणोत्तर, म्हणजे पुढचे दाते भागिले मागचे, २.४ ते २.६ च्या दरम्यान ठेवा. ४४-१८ घेतलं तर २.४४ येतं. ७०० सी या फिक्सीच्या नेहमीच्या मापाच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरला तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ५.१ मीटर जाते. मिनिटाला ८० फेरे मारले की ताशी साडेचोवीस किलोमीटर. पुष्कळ झालं. जड गिअरवर निघताना आणि थांबताना गुडघ्यांवर ताण येतो, आणि फिक्सीवर हा ताण दोन्ही वेळा येतो, हे लक्षात ठेवा.

मागे दोन दाते वाढवले की चाक सुमारे ६ मिलिमीटर पुढे सरकवावं लागतं. फ्रेमच्या आडव्या खाचेत तेवढी जागा बहुधा असते, म्हणजे चेन बदलावी लागत नाही.

चेनचा ताण मात्र रोज बघा. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, हळूहळू फिरवत चेन कुठे सर्वांत घट्ट होते ते शोधा, कारण पुढचं दातेरी चक्र अगदी तंतोतंत गोल नसतं आणि एका जागी चेन ताणली जाते. त्या जागी, वरच्या चेनच्या मधोमध बोटाने दाबून बघा. वर-खाली मिळून १० ते १५ मिलिमीटर हलली पाहिजे. त्यापेक्षा ताठ असेल तर फिरताना खरखर येते आणि हबचे छरे लवकर खराब होतात. सैल असेल तर खड्ड्यात चेन उतरते. साध्या सायकलीची चेन उतरली तर आपण वैतागतो, चढवतो, निघतो. फिक्सीची चेन चालत्या वेगात उतरली तर ती कॉग आणि आऱ्यांमध्ये अडकून मागचं चाक जागीच जॅम करू शकते. चेन ताणून जुनी झाली का हेही मोजा: २४ कड्या ३०४.८ मिलिमीटर भरतात. ३०६.५ च्या वर गेलं की चेन बदला.

बोटं आणि कपडे

चेन पुसताना एक चूक कायमची महागात पडते. सायकल उलटी करून, पायडल फिरवून, फिरत्या चेनवर फडकं धरायची आपल्याला सवय आहे. साध्या सायकलीवर पायडल सोडलं की चेन थांबते. फिक्सीवर चाकाचा सगळा वेग चेनमध्ये असतो. फडक्याचा एक धागा दात्यात सापडला की फडकं आत ओढलं जातं, त्यामागून बोट, आणि तोवर हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. बोटाचं पेर तुटतं. म्हणून चाक पूर्ण थांबवा, दोन-तीन इंच चेन पुसा, हाताने पुढे सरकवा, परत थांबवा आणि पुढचा भाग पुसा. सायकल उलटी ठेवली असेल तर घरातली लहान मुलं जवळ नकोत.

उजव्या पायाची पँट घोट्याला पट्टीने बांधा किंवा मोज्यात खोचा. बुटांच्या नाड्या आत घाला. ओढणी किंवा गळ्यातला रुमाल लोंबता नको. हेल्मेट घाला, आणि पहिल्या दिवशी हातमोजेही, कारण पडताना हात आधी टेकतात.

सीटची उंची: टाच पायडलवर ठेवली असता पायडल सर्वांत खाली गेल्यावर पाय सरळ झाला पाहिजे. पायाचा पंजा ठेवल्यावर गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहील. नेहमीपेक्षा ४-५ मिलिमीटर खाली घेतली तरी चालेल, जोरात पाय फिरताना कंबर सीटवर उड्या मारत नाही.

जागा कोणती

सपाट, रुंद, रिकामी. सुट्टीच्या दिवशी बाजार समितीचं काँक्रीटचं आवार याला उत्तम. कापसाचा हंगाम सरला की जिनिंगची आवारंही मोकळी असतात, फक्त मालकाला विचारून जा आणि कापसाचे पुंजके नि लोखंडी पट्ट्या पडल्यात का ते आधी चालून बघा. तलावाकाठचे फिरायचे रस्ते टाळा. सकाळी तिथे म्हातारी माणसं असतात आणि तुम्हाला अजून थांबता येत नसतं.

उन्हाळ्यात सहा ते आठ ही वेळ. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि फिक्सीवर पायांना घटकाभरही विसावा नसल्याने दम लवकर लागतो. अर्धा तास पुरे, सोबत एक लिटर पाणी.

बसायचं कसं

आपल्याकडे डावा पाय पायडलवर ठेवायचा, उजव्याने दोन-तीन ढकले द्यायचे आणि टांग मारून बसायचं ही पद्धत आहे. फिक्सीवर ती विसरा. सायकल पुढे सरकली की डावं पायडल वर यायला लागतं आणि अंगाचा भार असलेला तो पाय तुम्हालाच उचलतो. लहानपणी नळीखालून पाय घालून कैची मारायचो, तिथे पायडल अर्धवट पुढे-मागे करत जायचो. तेही इथे जमत नाही.

त्याऐवजी असं करा:

१. सायकलची आडवी नळी दोन पायांच्या मध्ये घेऊन उभे राहा. दोन्ही पाय जमिनीवर, पुढचा ब्रेक दाबलेला.

२. एका हाताने सीट धरून मागचं चाक चार बोटं उचला आणि पायाने उजवं पायडल घड्याळातल्या दोनच्या जागी आणा. पायडल मागे फिरवून जागेवर आणता येत नाही, म्हणून चाक उचलावंच लागतं.

३. चाक टेकवा, उजवा पाय पायडलवर, ब्रेक सोडा, पाय दाबा आणि त्याच दाबाने वर होऊन सीटवर बसा.

४. डावं पायडल खालून वर येईल. त्याच्याकडे बघू नका, नजर समोर. पहिल्या फेऱ्यात पाय सापडला नाही तर दुसऱ्यात सापडेल. तोवर डावा पाय बाहेरच्या बाजूला मोकळा धरा, नाहीतर पायडल नडगीवर बसतं.

पहिल्या दिवशी पायडलला पट्टे लावू नका. खरखरीत, रुंद पायडल आणि सपाट तळाचे बूट बरे. वेग माणूस पळतो तेवढाच.

पहिला झटका

वीस-पंचवीस मीटर गेल्यावर पाय आपसूक थांबायला बघतील. थांबवले की वर येणारं पायडल तळपायाला खालून ढुशी देतं आणि बूड सीटवरून सुटतं. घाबरून गुडघे ताठ केले तर दुसरी ढुशी त्याहून मोठी. उपाय एवढाच: गुडघे सैल सोडा आणि पायडल पायांना नेईल तिकडे जाऊ द्या. चाक पाय फिरवतंय, तुम्ही नाही, असं समजा. दहा-पंधरा फेऱ्यांत झटके कमी होतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन-तीन बसतात. चौथ्या-पाचव्या दिवशी पाय विचारायचे थांबतात.

पहिले दोन दिवस नुसत्या मोठ्या फेऱ्या मारा, आधी डावीकडून, मग उजवीकडून. मग दोन विटा दहा मीटरवर ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकार काढा.

थांबायचं कसं

याला सगळ्यात जास्त वेळ द्या. चुन्याने जमिनीवर एक रेघ मारा आणि तिच्यावर थांबायचा सराव करा. रेघेच्या दहा मीटर आधी पायांचा जोर काढून घ्या. मग वर येणाऱ्या पायडलवर पंज्याने हलका भार द्या. तो भार मागून वर चढणाऱ्या पायडलवर द्यायचा असतो. खाली जाणारं पायडल अडवायला गेलात तर काहीच होत नाही, नुसता तोल जातो. उजव्याने, डाव्याने, उजव्याने, असा दोन्ही पायांनी आळीपाळीने रेटा दिला की वेग एकसारखा उतरतो. शेवटच्या तीन मीटरमध्ये पुढचा ब्रेक हळूहळू दाबा आणि तुमचा निघायचा पाय दोनच्या जागी आला की पूर्ण थांबा. मग पुढच्या वेळी चाक उचलायची गरज पडत नाही. हे जमायला आठवडा लागतो.

सायकल पूर्ण थांबल्याशिवाय उतरू नका. चालत्या सायकलीवरून टांग मागे टाकून उतरायला गेलात तर खालचा पाय पायडलसोबत वर जातो.

मागचं चाक लॉक करून घसरत थांबायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ते नंतर. त्यात मागचा टायर ठराविक जागांवरच घासतो. ४४-१८ वर अशा ९ जागा असतात, ४५-१५ वर एकच, आणि ती एक जागा थोड्याच दिवसांत टायरला भोक पाडते.

वळण आणि गतिरोधक

वळताना सायकल आत झुकते आणि आतलं पायडल खाली येतं. साध्या सायकलीवर आपण ते वर धरून ठेवतो, इथे ते शक्य नाही. जास्त झुकलात तर पायडल जमिनीला घासतं आणि मागचं चाक उचललं जातं. म्हणून वेग वळणाच्या आधी उतरवायचा, वळणात नाही. शिवाय काही फ्रेमवर पुढचं चाक तीव्र वळवलं की बुटाच्या टोकाला लागतं. सायकल उभी असताना हॅण्डल पूर्ण वळवून, पायडल आडवं करून हे एकदा तपासून ठेवा.

गतिरोधकावर पाय आडवे धरून उभं राहता येत नाही. वेग कमी करा, सीटवरून दोन बोटं उठा, कोपर सैल सोडा आणि पाय फिरवत ओलांडा.

मग रस्त्यावर

आठव्या-नवव्या दिवशी शांत डांबरी रस्त्यावर या आणि आता पायडलला पट्टे लावा. वेग वाढला की पाय पायडलवरून निसटू शकतो, आणि फिरणारे पायडल मग परत पकडता येत नाहीत. असं झालं तर पाय परत घालायचा प्रयत्न करू नका. दोन्ही पाय बाहेर पसरवा आणि ब्रेकने थांबा. पट्टा पहिल्यांदा इतकाच आवळा की पाय मागे ओढला तर निघेल.

यावल-चोपड्याकडचा तापीकाठ फिक्सीसाठी केलेला वाटावा इतका सपाट आहे, पण मुख्य रस्त्यावर केळीच्या ट्रकांची वर्दळ असते. गावांना जोडणारे आतले रस्ते निवडा. केळी भरतात तिथे पानं आणि खुंटं रस्त्यावर पडलेली असतात. ओली असली की साबणासारखी निसरडी. सुगीत रस्त्याच्या कडेला मका किंवा ज्वारी वाळत घातलेली दिसली तर अर्ध्या रस्त्यावरून वळसा घ्या. दाण्यांवर पाय मारला की मागचं चाक सरकतं. ऊस निघाला की शहाद्याकडच्या रस्त्यांवर ट्रॉल्या असतात, त्यांना मागून गाठायच्या फंदात पडू नका.

पावसाळ्यात शेतरस्त्यावर फिक्सी नेऊच नका. काळी माती टायरला थरावर थर चिकटते, चिमट्यात भरते आणि चाक अडतं. चाक अडलं की तुमचे पायही जागीच अडतात. डांबरी रस्ता संपला तिथून परत फिरा.

वाऱ्याचाही हिशोब ठेवा. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच नाहीत उभ्या केलेल्या. पावसाळ्याच्या तोंडाला पश्चिमेचा वारा जोर धरतो, आणि गिअर बदलायची सोय नसल्याने तुम्हाला फेरे कमी करूनच त्याला तोंड द्यावं लागतं. निघताना वाऱ्याच्या तोंडावर जा, परतताना तो पाठीशी राहील.

घाट मात्र लांब ठेवा. चढ हळूहळू जमतो, अडचण उताराची. ४४-१८ वर ताशी ४० किलोमीटर वेग झाला की पाय मिनिटाला १३० फेरे फिरतात, ५० ला १६०च्या वर. नवख्या पायांना ते झेपत नाहीत आणि पाय निसटतात. धुळ्याजवळचा लळिंग, चाळीसगावच्या पुढचा कन्नड घाट, तोरणमाळ, यांचा उतार निदान सहा महिने फिक्सीवर नको. चढून गेलात तरी उतरताना सायकल हातात धरून चाला, किंवा फ्लिप-फ्लॉप हब असेल तर वर चाक उलटवून, दोन्ही ब्रेक असतील तरच, फ्रीव्हीलवर उतरा.

टायर आणि पंक्चर

आपल्या रस्त्यांना २३ मिलिमीटरचे टायर नकोत. २८ किंवा ३२ घ्या. पासष्ट-सत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये मागे ८० पीएसआय, पुढे ७५ पुरतं. वेड्या बाभळीचा काटा आणि दिवाळीनंतर कडेला सुकलेले सराटे, हे पंक्चरचे नेहमीचे धनी. फिरून आल्यावर टायरवरून जाड कापड फिरवा, पण तेही चाक थांबवून, थोडं थोडं.

मागचं चाक काढायचं तर १५ नंबरच्या पान्याने दोन्ही नट सैल करा, चाक पुढे ढकला, चेन सैल झाली की कॉगवरून उतरवा आणि चाक मागे ओढून काढा. पंक्चरवाल्याकडे नेलं तर सायकल उलटी करण्याआधीच त्याला सांगा: दादा, याला फ्री नाही, पायडल चाकासोबत फिरतं, चेनपाशी हात नको. चाक परत बसवताना आधी उजवा नट थोडा आवळा, मग चाक फ्रेमच्या मधोमध आणून डावा, आणि शेवटी दोन्ही पुरते घट्ट. त्यानंतर क्रँक फिरवून सर्वांत घट्ट जागी चेन किती हलते ते पुन्हा मोजा. दुसऱ्याने बसवून दिलेल्या चाकाची चेन बहुतेक वेळा सैल असते. दुकानासमोरच ब्रेक दाबून, पाच मीटर चालवून, मागे रेटा देऊन बघा, आणि मगच रस्त्याला लागा.